आपोआप पडलेलं चित्र

जगदेवी अक्का खोटं बोलली तेव्हा मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. खुर्चीतून पडलो नाही, एवढंच.

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा जुना कारखाना बंद पडला होता आणि आम्ही दोघं तिथल्याच एका नव्या कंपनीत ड्राफ्ट्समनच्या, म्हणजे कामाचे आराखडे काढणाऱ्याच्या, जागेसाठी गेलो होतो. पुण्याहून आलेले मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळं थ्रीडीवर चालतं. तुम्हाला येतं का?" मी मान खाली घालून सांगितलं की डिप्लोमाला असताना शिकलोय, थोडाफार हात बसलेला आहे. अक्कानं पदर सारखा केला, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला आणि सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "येतंय की साहेब. लई वर्सं झाली."

त्या बाईनं थ्रीडीचा पडदा जन्मात पाहिला नव्हता. आणि ही तीच अक्का, जिनं एकदा कागदावरचं माप परस्पर दोन मिलिमीटरनं बदललं म्हणून मालकाच्या मेहुण्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं.

"अक्का, लिंगाला हात लावून खोटं बोललीस?"

"हात लावला म्हणून तर बोलता आलं," ती म्हणाली. "बिनहाताचं जमलं नसतं. आता तू शिकिव. सोमवारी जायाचंय."

अक्का मूळची मादन हिप्परग्याची. लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिनं आयटीआय केलं, हुमनाबादला खोली घेतली आणि आमच्या जुन्या कारखान्यात येऊन बसली. साखर कारखान्यांना आणि डाळीच्या मिलांना लागणारी लोखंडी कामं तिथं व्हायची. कुणी तिला मॅडम म्हटलं तर ती मागं वळून बघायची, आणखी कुणी आलंय का म्हणून. "मी ड्राफ्ट्समन हाय," असं ठणकावून सांगायची. गावी तिच्या भावाचं किराणा दुकान होतं. भाऊ वाईट नव्हता. आता पुरे झालं, वय झालं, घरी ये आणि गल्ल्यावर बस, एवढंच त्याचं म्हणणं. कारखाना बंद झाल्याचं कळल्यावर तो न्यायलाच आला होता. अक्का त्याला म्हणाली, "गल्ल्यावर बसून मी काय करू? साबणाच्या वडीचा प्लॅन काढू व्हय?" भाऊ हसला. ती हसली नाही. ही नोकरी लागली नाही तर त्या गल्ल्यावर बसावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या खोट्यामागं तेच होतं.

जुन्या कारखान्यातल्या, सपाट चित्रं काढायच्या प्रोग्रामवर अक्काला काम करताना बघणं हा एक सोहळा असायचा. पडदा काळाकुट्ट, त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रेघा. उजवा हात माउसवर नावापुरता ठेवलेला, सगळा कारभार डाव्या हाताचा. एकेका आज्ञेचं अक्षर ती तोंडानं म्हणत जायची आणि बोट त्या अक्षरावर पडायचं. रेघेचं, वर्तुळाचं, तोडायचं आणि सरकवायचं अक्षर कीबोर्डवर उरलंच नव्हतं, पार झिजलं होतं. बाकीची कोरीकरकरीत. माउस धरून पडद्यावरची चिन्हं शोधत बसणाऱ्यांचा तिला भयंकर तिटकारा. "काय रे, जत्रंत लेकरू हरवल्यावानी कामून फिरायलास?" असं ती मला रोज एकदा तरी म्हणायची. मीही सवयीनं ऐकून घ्यायचो.

तिला कुठलीही गोष्ट चित्र काढल्याशिवाय सांगता यायची नाही. आमच्या कारखान्यात रशीदभाई नावाचे फिटर होते. लोखंडाचा पत्रा कापून, जोडून कागदावरची वस्तू खरी उभी करणारा माणूस. त्यांच्या मुलीच्या लग्नात पत्रिकेमागं घालायला म्हणून अक्कानं रस्त्याचा नकाशा काढून दिला. हायवेवरच्या ढाब्यापासून मांडवापर्यंत, उत्तर दिशेचा बाण घालून, प्रमाण लिहून. उदगीरचे पाहुणे कुणालाही न विचारता थेट मांडवात येऊन बसले. पण अक्का तेवढ्यावर थांबली नव्हती. तिनं मांडवाचाही आतला प्लॅन काढला होता, आणि एका कोपऱ्यात चौकट आखून त्यात लिहिलं होतं, 'रुसलेले व्याही'. व्याही खरोखरच रुसले. पत्रिका वाचूनच रुसले. रशीदभाई मात्र त्या पत्रिकेची घडी घालून खिशात घेऊन हिंडत होते आणि भेटेल त्याला दाखवत होते.

ह्या दोघांची कामाची एक रीत होती. अक्का कागद घेऊन खाली यायची, रशीदभाईंच्या हातात द्यायची, ते तिला सुपारी द्यायचे. झालं. एक शब्द बोलणं नाही. रशीदभाई कागदावर एकदा नजर फिरवायचे आणि पत्र्यावर खडूनं आखायला लागायचे. नवीन आलेला एखादा फिटर काही विचारायला गेला की अक्का त्याच्या हातातून कागद ओढून घ्यायची. "इचारावं लागत असंल तर मी चित्र कामून काढलं?" एकदा मीच रशीदभाईंना म्हणालो की कोपऱ्यात लिहिलेलं तरी वाचत जा. ते हसले. "अक्का का ड्राइंग है मल्लू, पढना कायकू? देखे के बस."

नव्या कंपनीनं आमच्याबरोबर त्यांनाही घेतलं. त्यांची परीक्षा घेतली नाही. देसाईसाहेबांनी त्यांचं जुनं काम पाहिलं आणि या म्हणाले.

रविवारी अक्का बसनं भालकीला माझ्या घरी आली. मी लॅपटॉप उघडला. नव्या प्रोग्रामचा फिकट करडा पडदा बघूनच तिनं तोंड वाकडं केलं. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटायलंय रे." मग मी तिला समजावलं की इथं चित्र काढायचं नसतं, आधी वस्तूच बनवायची. पडद्यावर पत्र्याला जाडी द्यायची, भोक पाडायचं, दुसरा पत्रा आणून जोडायचा. वस्तू तयार झाली की समोरचं चित्र, बाजूचं चित्र, वरचं चित्र कागदावर आपोआप पडतं.

"आपोआप म्हंजी?"

"म्हणजे प्रोग्रामच काढतो."

अक्कानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "मंग ड्राफ्ट्समन कशाला ठिवलेत?"

मला हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून गिळलं.

पहिले काही आठवडे अक्कानं मला थक्क केलं. माझ्याआधी तिचे कागद तयार. स्वच्छ, मापं जागच्या जागी, एक रेघ इकडची तिकडं नाही. मला वाटलं, बाई जादू करायलीय. देसाईसाहेब मला म्हणाले, "अनुभव तो अनुभव, बघा." मीही मान डोलावली.

मग एक दिवस कलबुर्गीच्या डाळ मिलचे पाटील आपलं काम बघायला आले. त्यांच्या टाकीचं काम अक्काकडं होतं. देसाईसाहेब मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मॅडम, जरा फिरवून दाखवा ह्यांना." अक्कानं माउस धरला. पडद्यावर टाकी दिसत होती, सुरेख. अक्कानं ती फिरवायला घेतली. टाकी बारीक झाली, आणखी बारीक झाली, तिची नुसती एक उभी रेघ उरली, आणि मग तीही दिसेनाशी झाली. पडदा रिकामा.

अक्कानं टाकी बनवलीच नव्हती. थ्रीडीच्या प्रोग्रामात बसून तिनं आपल्या जुन्या पद्धतीनं एकेक रेघ ओढून सपाट चित्रं काढली होती, समोरचं, बाजूचं, वरचं, सगळी हातानं. इतके दिवस. कागद छापून आला की कुणाला फरक कळत नव्हता. मी आ वासून बघत होतो. हे करायला खऱ्या कामापेक्षा दुप्पट कष्ट लागतात.

"टाकी कुठं गेली?" देसाईसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"टाकी अजून बांधायची हाय की साहेब," अक्का म्हणाली. "बांधल्यावर काय फिरवायचं ते फिरवा."

पाटील पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. उमेदवारीचा काळ संपेपर्यंत मुदत मिळाली होती. तोवर खरंच शिकली तर कायम, नाहीतर रामराम.

त्यानंतर अक्का जी शिकली ती बघून मला जवळजवळ भीतीच वाटली. दिसेल ती वस्तू बनवायला लागली. माझ्या टेबलावरचा पाण्याचा जग, साहेबांच्या केबिनच्या दाराची कडी, रशीदभाईंचा हातोडा. आणि एके दुपारी ती मोठ्यानं ओरडली. सगळे दचकून उठले. पडद्यावर तो जग गरागरा फिरत होता. "मल्लू, हे बघ रे, मागनं बी दिसायलंय! आजपस्तोर मी नुस्तं त्वांड काढत आले. ह्याला पाठ बी हाय!" पन्नाशीला आलेली बाई, पण त्या क्षणी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. मला फार बरं वाटलं. आता ही तरली, असं मनाशी म्हणालो.

पाटलांचं पुढचं काम होतं डाळीच्या हॉपरचं. हॉपर म्हणजे वरून डाळ ओतायची आणि खालच्या तोंडातून काढायची लोखंडी पेटी, दोन पुरुष उंच. आत साफसफाईसाठी माणसाला शिरता यावं म्हणून उजव्या बाजूच्या पत्र्यात दार. डाव्या बाजूला भिंत येणार होती. अक्कानं हॉपर बनवलं. पडद्यावर ते चारी बाजूंनी फिरवलं. दार उजवीकडंच होतं. मग कागदावर चित्रं आपोआप पडली, तिनं सही केली, कागद खाली नेला, रशीदभाईंच्या हातात दिला. सुपारी घेतली आणि वर आली.

कलबुर्गीहून पाटलांचा फोन आला आणि आम्ही सगळे कंपनीच्या गाडीतून तिकडं निघालो. मिलमध्ये तुरीच्या भुशाची धूळ तरंगत होती. हॉपर जागेवर उभं होतं आणि त्याचं दार भिंतीकडं होतं. दार आणि भिंत यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढीच जागा. पेटी उलटी फिरवावी तर खालचं तोंड मागं जात होतं. पाटील सुद्धा या वेळी हसले नाहीत.

काय झालं होतं ते मला कागद बघताच कळलं. एकाच वस्तूची चित्रं कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत. आमच्या जुन्या कारखान्यातली रीत अशी, की वस्तू डावीकडून बघितली तर ते चित्र समोरच्या चित्राच्या उजवीकडे मांडायचं. दुसऱ्या रीतीत उजवीकडून बघितलेलं चित्रच उजवीकडे येतं. नवा प्रोग्राम ह्या दुसऱ्या रीतीनं चित्र पाडत होता. कुठली रीत आहे हे कळावं म्हणून कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं. प्रोग्रामनं तेही आपोआप टाकलं होतं. दुसरा कुठलाही फिटर असता तर त्यानं आधी कोपरा बघितला असता. पण कागद अक्काचा होता. रशीदभाईंनी उजवीकडचं चित्र बघितलं, तिच्या नेहमीच्या रीतीनं वाचलं, आणि डावा पत्रा कापला.

अक्काला हे माहीत नव्हतं. ही गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो. देसाईसाहेबांनी कागद पाटलांच्या टेबलावर पसरला तेव्हा तिची नजर त्या कोपऱ्यावर गेली आणि तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. चिन्ह बदललंय हे तिला त्या क्षणी कळलं. ज्या बाईनं आयुष्यात एकही रेघ न बघता सोडली नव्हती, तिनं आपोआप पडलेलं चित्र बघितलंच नव्हतं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "कागदावर चिन्ह आहे की नाही?"

आता ही कडाडणार, असं मला वाटलं. रशीदभाईला माझा कागद वाचता येत नाही म्हणता, असं म्हणून ती साहेबांना उभं-आडवं घेणार. तिचा स्वभावच तो. नोकरी गेली तरी बेहत्तर म्हणणारी बाई.

अक्कानं चिन्हावर बोट ठेवलं.

"हाय," ती म्हणाली.

एवढंच. म्हणजे कागद बरोबर, चूक वाचणाऱ्याची. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर रशीदभाईंनी हातानंच मला थांबवलं. ते कागदाकडं बघत नव्हते. अक्काकडं बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. मला वाटतं, तेही माझ्यासारखेच हबकले होते.

"हौ साब," ते म्हणाले. "निशान है. मैंइच देखा नै."

दुसऱ्या दिवसापासून रशीदभाई कामावर नव्हते. महिनाअखेरीला अक्का कायम झाली. साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तो तिथंच वाळला.

मला अक्काचा राग आला होता. राग हा शब्दही कमी पडेल. ज्या माणसाला आपण नखशिखान्त ओळखतो असं समजत होतो, तो एका शब्दानं परका झाला की जे होतं, ते झालं होतं. मी तिच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. तिनं ते ओळखलं. एक दिवस डबा घेऊन माझ्या समोरच येऊन बसली.

"तू बी बोलंनास व्हय?"

मी माझा डबा बंद केला.

"मी बोलले असते तर दोघं बी गेलो असतो, मल्लू. ती मशीन त्यांची, त्यांचा प्रोग्राम. त्यांनी दोघांस्नी बी काढलं असतं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "असं मी रोज सोताला सांगायलेय." तो तुकडा तिनं खाल्ला नाही.

काम मात्र तिचं तसंच चोख होतं. उलट जास्तच. प्रत्येक कागदाचा कोपरा आता ती बोट ठेवून बघायची. खाली नव्या फिटरला कागद नेऊन द्यायची आणि उभी राहून सगळं समजावून सांगायची, त्यानं न विचारता. खोलवर कुठंतरी काहीतरी मोडलं होतं आणि ते तिला दुरुस्त करता येत नव्हतं.

पुढं मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आधीच्या रविवारी अक्काचा फोन आला. "मल्लू, माझ्यासंगं येशील? रशीदभाईकडं जायाचंय. एकलीनं जायाला पाय उचलंना." इतक्या वर्षांत तिनं मला कशासाठी विनवलेलं मला आठवत नाही. मी गेलो.

रशीदभाईंनी हायवेला, लॉऱ्या थांबतात तिथं, पत्र्याची शेड टाकून खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करायला सुरुवात केली होती. त्यांना एका शाळेच्या फाटकाचं काम मिळाल्याचं अक्काला कुठून तरी कळलं होतं. तिनं त्याचं चित्र काढून आणलं होतं. प्रोग्रामवर नाही, हातानं. कागदावर, पट्टी-पेन्सिल घेऊन, एकेक गज मोजून. माझ्या मते तिनं काढलेलं ते सगळ्यात सुंदर चित्र होतं.

रशीदभाईंनी आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, मुलीकडचं सगळं ठीक असल्याचं सांगितलं. झाल्या गोष्टीचा उल्लेख नाही. चेहऱ्यावर नेहमीचं हसू. मला हायसं वाटलं. अक्कानं कागद पुढं केला. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, उजेडात धरला. अक्का त्यांच्या तोंडाकडं बघत होती. खडू उचलून ते आता पत्र्याकडं वळतील, म्हणून मीही बघत होतो.

ते वळले नाहीत. त्यांनी कागदाचा एक कोपरा बघितला, मग दुसरा.

"अक्का," त्यांनी विचारलं, "ये किधर से देख के निकाले? बाहर से के अंदर से?"

टोमणा नव्हता. कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं. अक्काला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या त्या देखण्या चित्रावर, मधोमध, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाहेरून'. पेन इतकं दाबून की कागद फाटायला आला.

"भायेरनं, भाई," ती म्हणाली.

रशीदभाईंनी ते वाचलं, मान हलवली, आणि खडू हातात घेतल्यावर पुन्हा एकदा तिच्याकडं वळून विचारलं, "पक्का ना?"